मारा ते ममदापूर: गवताच्या देशात

पिंपळगाव बसवंतहून आफ्रिकेतलं मसाई मारा गाठणं आता अवघड राहिलेलं नाही. महामार्गाने मुंबई, तिथून सहाएक तासांचं विमान, नैरोबीला उतरून पुन्हा पाच-सहा तासांचा रस्ता, की आपण केनियाच्या त्या अफाट गवताळ मुलुखात. वेळही आपल्याकडच्या बागायतदारांना सोयीची पडते. एप्रिलची खरड छाटणी उरकलेली असते, ऑक्टोबरची गोडी छाटणी अजून दूर असते, आणि नेमक्या त्या जुलै ते सप्टेंबरच्या दिवसांत टांझानियाच्या सेरेंगेटीतून निघालेले लाखो विल्डबीस्ट मारा नदी ओलांडत असतात.

पिंपळगावहून दुसरा एक रस्ता पूर्वेला जातो. लासलगाव, येवला, आणि मग नांदगावच्या दिशेने राजापूर-ममदापूरचा भाग. दोन तासांच्या आतबाहेर आपण अशा माळावर पोचतो जिथे बांधावरच्या बाभळीपलीकडे काळवीट चरत असतात. वन विभागाने इथलं सुमारे 54 चौरस किलोमीटरचं क्षेत्र काळवीटांसाठी संवर्धन राखीव म्हणून जपलं आहे. या दोन्ही वाटा एकाच जातीच्या भूमीकडे जातात. ही गोष्ट एकदा मनात उतरली की आपल्याच जिल्ह्याचा नकाशा वेगळा दिसू लागतो.

आधी पावसाकडे पाहू. इगतपुरीला वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तेच ढग सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेला उतरेपर्यंत जवळजवळ रिकामे झालेले असतात. निफाड-येवल्याच्या वाट्याला 500 मिलिमीटरच्या आसपासच येतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात पाऊस सहापटीने घटतो, आणि तोही चार महिन्यांत पडून संपतो. उरलेले आठ महिने कोरडे. पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा खडक, त्यावर कुठे वीतभर, कुठे हातभर माती. घनदाट जंगलाला हे पुरत नाही, आणि वाळवंट होण्याइतकी ही जागा कोरडीही नाही. इथे राज्य करतं ते गवत, आणि गवतात अंतराअंतरावर उभी असतात हिवर, खैर, बोर, बाभूळ अशी काटेरी झाडं. जगाच्या भूगोलात अशा भूमीला सॅव्हाना म्हणतात. शाळेच्या पुस्तकात सॅव्हाना म्हटलं की जिराफाचं चित्र असायचं, त्यामुळे आपल्या माळाचं नाव त्याच यादीत आहे हे कोणाला सुचलंच नाही.

झाड आणि गवत यांच्यातला फरक इथे निर्णायक ठरतो. झाडाच्या रोपट्याचा वाढीचा कोंब शेंड्याला असतो. शेळीने शेंडा खुडला किंवा वणव्याने तो जाळला, की रोपटं खुंटतं. गवताचा वाढीचा कोंब मात्र जमिनीलगत, पात्यांच्या बुडाशी दडलेला असतो. वरचं पातं जनावराने खाल्लं, विळ्याने कापलं, आगीने जाळलं, तरी खालून ते पुन्हा सरसरून वर येतं. चरणारी जनावरं आणि अधूनमधून लागणारी आग यांच्यासह जगायला गवत लाखो वर्षांत तयार झालं आहे. म्हणूनच गवताळ देशात इतके खूर असलेले प्राणी पोसले जातात, आणि त्यांच्या मागोमाग दात असलेले.

यातल्या कुसळी गवताची करामत तर प्रत्येकाने एकदा डोळ्यांनी पाहावी अशी आहे. ज्याच्या विजारीला ती चिकटली त्याला ती त्रासच वाटते. पण एक दाणा तळहातावर घ्या आणि त्याच्या लांब शेपटीवर पाण्याचा थेंब टाका. शेपटी गोल फिरू लागते. ती पिळलेली असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या उन्हाने हा पीळ सुटत-बसत राहतो, आणि दाण्याचं टोकदार तोंड हळूहळू जमिनीत शिरत जातं. टोकाजवळचे केस उलट्या दिशेने वळलेले असल्यामुळे आत गेलेला दाणा मागे येत नाही. ना मेंदू, ना स्नायू, केवळ हवेतल्या ओलाव्यावर चालणारं हे यंत्र बी आगीपासून वाचेल इतकं खोल पेरून ठेवतं. हीच कुसळी आफ्रिकेच्या माळांवरही आहे. मारामध्ये जिकडेतिकडे दिसणारं तांबूस झाकेचं थेमेडा गवतही महाराष्ट्रात उगवतं. समुद्रापलीकडचे हे दोन मुलूख गवताने आधीच एकमेकांचे सोयरे करून टाकले आहेत.

‘इथे पूर्वी दाट जंगल असेल, माणसाने तोडलं आणि मग माळ झाला,’ असं अनेकजण गृहीत धरतात. या समजुतीला उत्तर मराठी साहित्यातूनच मिळालं, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत आनंदाचा भाग वाटतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा, काव्य, ओव्या, आख्यायिका चाळल्या आणि त्यांत कुठल्या रानझाडांची नावं येतात हे नोंदवलं. 2025 मध्ये ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. 44 रानवनस्पतींचे उल्लेख सापडले, आणि त्यांतल्या 27 सॅव्हानाच्या ओळखीच्या निघाल्या. पंढरपुरात संत कान्होपात्रेच्या समाधीपाशी सांगितला जाणारा तरटीचा वृक्ष घ्या. तरटी ही काटेरी, कोरड्या माळावरची वनस्पती. आपले संत आणि कवी ज्या भूमीत हिंडले ती सातशे वर्षांपूर्वीही मोकळी, गवताळ आणि काटेरीच होती. सरकारी नोंदींत मात्र अशा जमिनी वर्षानुवर्षं ‘पडीक’ या सदरात पडून राहिल्या.

आता माराकडे जाऊ. तिथे दरवर्षी सुमारे 12-13 लाख विल्डबीस्ट, दोनेक लाख झेब्रे आणि लाखो गॅझेल हरणं पावसामागे फिरत सेरेंगेटी आणि मारा यांच्यामध्ये मोठी प्रदक्षिणा घालतात. या फिरण्यात एक क्रम आहे. 1971 मध्ये रिचर्ड बेल या शास्त्रज्ञाने तो उलगडून दाखवला. झेब्रा उंच, राठ गवताचे शेंडे आणि दांडे खातो. त्याचं पोट निकस चारा मोठ्या प्रमाणात पचवू शकतं. त्याने वरचा थर उतरवला की आतली पानं उघडी पडतात, ती विल्डबीस्टच्या रुंद तोंडाला सोयीची. त्यांनी माळ आखूड केला की बुडाशी कोवळे फुटवे येतात, ते टिपायला थॉमसनची गॅझेल हरणं येतात. एकाच गवताचे तीन मजले, आणि प्रत्येक मजल्याचा भाडेकरू वेगळा. जानेवारी ते मार्चच्या दरम्यान हे कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला ज्वालामुखीच्या राखेवर वाढलेल्या आखूड गवतात असतात. त्या राखेतून गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर उतरतं, आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं तेच हवं असतं. म्हणून लाखो पिल्लं त्याच जागी, काही आठवड्यांच्या आत जन्माला येतात. छायाचित्रकार नदी ओलांडतानाचं चित्र टिपायला धडपडतात. मला मात्र राखेपासून दुधापर्यंत जाणारी ही साखळी अधिक थक्क करते.

अशा देशात अनुभवी गाइड नसेल तर कितीही महागडी लेन्स लावा, हाती काही लागत नाही. केनियात व्यावसायिक सफारी गाइडच्या परीक्षा असतात. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा त्यांच्या पायऱ्या आहेत, आणि सुवर्ण पायरीपर्यंत फार थोडे पोचतात. चांगला गाइड सिंह शोधत बसत नाही. तो सिंहाकडे पाहणाऱ्यांना शोधतो. चरणाऱ्या इम्पालांनी माना वर केल्या, आणि सगळ्यांची तोंडं एकाच झुडपाकडे वळली, तर तिथे काहीतरी आहे. गिधाडं घिरट्या घालत असतील तर ती अजून शोधात आहेत. पाय खाली सोडून एकामागून एक उतरू लागली तर शिकार झालेली आहे. झाडावर बसून राहिली आणि उतरत नसतील, तर शिकारी अजून जेवतो आहे.

आपल्या माळावरही हीच भाषा चालते, आणि ती सर्वांत चांगली येते मेंढपाळांना. लांडगा दिसण्याआधी टिटवी ओरडते. मेंढ्या चरताचरता थबकून एका दिशेला बघतात. चिखलातला ठसा कुत्र्याचा की लांडग्याचा, हे धनगर वाड्यावरचं पोरही बहुधा सांगू शकतं. पुणे जिल्ह्यात हे ज्ञान आता कामाला लागलं आहे. बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी इथे वन विभागाने 2024 मध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. आगाऊ नोंदणी, ठरलेले मार्ग आणि सोबत गावातलेच प्रशिक्षित गाइड. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा, आणि पक्ष्यांत चंडोल, धाविक आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या अशी तिथली मंडळी. महाराष्ट्रात व्याघ्रसफारी पुष्कळ झाल्या होत्या. गवत पाहायला माणसांनी पैसे मोजून यावं, ही नवी गोष्ट होती.

गाडीत बसलेल्या माणसाला प्राणी इतकं जवळ का येऊ देतात, हा प्रश्न पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला पडतो. गाडी आणि तिच्यातली माणसं मिळून एकच मोठा आकार तयार होतो, आणि त्या आकाराने पूर्वी कधी इजा केलेली नसेल तर प्राण्यांना त्याची सवय होते. कोणी उभं राहिलं, हात बाहेर काढला, की तो आकार मोडतो आणि त्यातून माणूस वेगळा दिसतो. मग कळप उधळतो. म्हणून गाइड पुन्हा पुन्हा बसायला सांगतो.

आणि त्यांचं दिसणं तरी किती वेगळं! चरणाऱ्या प्राण्याची बाहुली उभी नसते, गोलही नसते. आडवी फट असते. डोकं खाली घालून चरतानाही ही फट जमिनीला समांतर राहावी म्हणून डोळा खोबणीत आपोआप फिरतो, तो पन्नास अंशांपर्यंत फिरू शकतो, असं मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं. त्यामुळे क्षितिजाची पट्टी त्याला सतत स्पष्ट दिसते, आणि धोका त्याच पट्टीतून येतो. हे तपासायला माराला जायची गरज नाही. गोठ्यातली शेळी पाणी पिताना तिच्या डोळ्याकडे बघा.

प्रकाशाचं गणित छायाचित्रकाराला पाठच करावं लागतं. मारा विषुववृत्ताच्या अगदी जवळ, सुमारे दीड अंश दक्षिणेला. तिथे सूर्य बाराही महिने साडेसहाच्या सुमाराला उगवतो आणि जवळजवळ सरळ वर चढतो. सोनेरी उजेड फार वेळ थांबत नाही. पाहता पाहता सावल्या आखडतात आणि प्राण्यांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे दिसू लागतात. नाशिक जिल्हा 20 अंश उत्तरेला आहे. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण 47 अंशांपर्यंतच चढतो. उजेड दिवसभर तिरका राहतो, आणि त्या तिरक्या उजेडात मागून तळपणारी कुसळी तांब्याच्या तारेसारखी दिसते. छायाचित्रासाठी आपला हिवाळा आफ्रिकेपेक्षा उदार आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

एक अडचण मात्र दोन्हीकडे सारखी. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यालगतची हवा विरळ होते, आणि गरम-थंड हवेच्या थरांतून येणारा प्रकाश वाकडातिकडा होत पोचतो. लांबचं काळवीट पाण्यात बुडाल्यासारखं थरथरतं. हा दोष लेन्सचा नाही, म्हणून भारी लेन्स घेऊनही तो जात नाही. उपाय दोनच: लवकर उठा, आणि प्राण्याच्या जवळ असाल तेव्हाच चित्र घ्या. गाडीच्या खिडकीवर कॅमेरा टेकवायला आफ्रिकेत धान्य भरलेली पिशवी वापरतात. आपल्याकडे तांदळाची छोटी पिशवी तेच काम करते.

काळवीट पळताना पाहिलंत तर दुसरी एक गोष्ट विचारात घ्या. ते ताशी 80 किलोमीटरपर्यंत वेग गाठू शकतं. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या 2,000 व्या भागापुरती उघडली, तरी तेवढ्यात ते सेंटिमीटरभर पुढे सरकलेलं असतं. इतका वेग कशासाठी? लांडग्याला हरवायला एवढा लागत नाही. लांडगा दमवून, कोंडून शिकार करतो. या वेगाचं उत्तर माळावरून नाहीशा झालेल्या एका प्राण्यात शोधावं लागतं: चित्ता. एकेकाळी दख्खनच्या माळांवर चित्ते होते. संस्थानिक त्यांना माणसाळवून काळवीटांच्या शिकारीला नेत. इथले चित्ते दुर्मीळ झाले तेव्हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांनी ते थेट आफ्रिकेतून मागवले. आफ्रिकेचा चित्ता महाराष्ट्राच्या माळावर काळवीटामागे धावला आहे, हा इतिहास फार थोड्यांना माहीत असतो. 1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये आणले गेले. ममदापूरचं काळवीट मात्र अजून त्या जुन्या शत्रूच्या हिशेबाने धावतं. सत्तर वर्षं हा उत्क्रांतीच्या दृष्टीने काहीच काळ नाही.

आता थोडं काळजीचं. मारामध्ये फेम्के ब्रोकहाउस या संशोधिकेने चित्त्यांच्या माद्यांचा अभ्यास केला आणि 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पर्यटकांच्या गाड्या कमी असलेल्या भागात एका वेताची सरासरी दोनाहून जास्त पिल्लं जगून स्वतंत्र झाली. गाड्यांची गर्दी असलेल्या भागात ही सरासरी 0.2 होती. म्हणजे पाच वेतांमागे एक पिल्लू. त्यांपैकी कोणत्याही गाडीतल्या माणसाने पिल्लाला हात लावला नव्हता. सगळे फक्त चित्र काढत होते. म्हणूनच माराच्या नियमांत एका प्राण्याभोवती एका वेळी मोजक्याच गाड्या आणि ठराविक अंतर ठेवायला सांगितलेलं असतं. आपल्याकडेही काळवीटामागे दुचाकी पळवणारे, लांडग्याच्या बिळाशी गाडी नेणारे लोक आहेत. हिवाळ्यात लांडग्याची पिल्लं बिळात असतात. त्या काळात बिळाचा ठावठिकाणा सांगणारं चित्र समाजमाध्यमांवर टाकणं म्हणजे त्या पिल्लांच्या जिवाशी खेळणं आहे, आणि हे मी कुणाची भीड न ठेवता लिहितो.

निफाड तालुक्यातल्या वाचकाला तर नांदूर मध्यमेश्वर घरचंच. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या जुन्या बंधाऱ्यामुळे कोरड्या मुलखात हे पाणथळ तयार झालं, आणि 2019 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. हिवाळ्यात तिथे उतरणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. उडताना 7,000 मीटरच्या वर त्यांची नोंद झालेली आहे. चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यांवर दुर्बीण घेऊन उभे असलेले स्थानिक गाइड एका नजरेत तलवार बदक आणि थापट्या वेगळे करून दाखवतात. आणि आपल्या बागांवरून जूनच्या पहिल्या ढगांबरोबर ओरडत जाणारा चातक? त्यांतले पुष्कळ अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेतून आलेले असतात. सॅव्हाना आणि आपण यांच्यातली ये-जा पासपोर्टाविना चालूच आहे.

ज्यांना मारा परवडतं त्यांनी जरूर जावं. गाइडला ‘सिंह कधी दिसेल’ हे विचारण्याऐवजी ‘हे गवत कुठलं’ हे विचारावं. तिथला दिवस त्या प्रश्नाने पालटतो. पण त्याआधी एक हिवाळा आपल्या माळासाठी राखून ठेवा. वन विभागाकडे आधी चौकशी करा, गावातला माहीतगार माणूस सोबत घ्या आणि त्याचा मोबदला चोख द्या. पहाटे अंधारात निघा. गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा, कारण चंडोल आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. आणि तुमच्या गावाच्या गायरानावर उद्या कोणी खड्डे खणून झाडं लावायला आलं, तर त्यांना आधी विचारा: इथे आज कोणतं गवत आहे, आणि त्यावर कोण जगतं?